प्लीहेच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील शर्करा शोधताना: माझा अनुभव

विदर्भातल्या आमच्या ग्रामीण भागात सिकलसेलचे (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात अशा आनुवंशिक रक्तविकाराचे) रुग्ण गावोगाव आहेत. लहानपणी त्यांची प्लीहा वाढते आणि रक्त वारंवार अडल्यामुळे पुढे आकसून निकामी होते. हे रक्त ज्या अस्तराला घासून वाहते, त्यावरील शर्करायुक्त रेणू निरोगी प्लीहेत कसे दिसतात, हे पाहण्याचे काम मी पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतले.

अपघातात फाटल्यामुळे शस्त्रक्रियेने काढलेल्या प्लीहांचे नमुने रुग्णांच्या संमतीने आणि नीतिशास्त्र समितीच्या परवानगीने मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुना मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात. उन्हाळ्यात हा मेणाचा ब्लॉक मऊ पडून काप चुरगळतात, म्हणून तो बर्फावर ठेवून भल्या सकाळीच कापावा लागे.

सुरुवात पीएएस (पर्आयोडिक ॲसिड-शिफ) या शर्करा दाखवणाऱ्या रंगाने केली. यात पर्आयोडिक आम्लामुळे शर्करेतील शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांपासून अल्डिहाइड तयार होतात आणि शिफ द्रावणाने त्यांना किरमिजी रंग चढतो. वीज गेली की फ्रीज बंद पडे आणि हे द्रावण उष्णतेने बिघडते, म्हणून प्रत्येक वेळी मी त्याचे काही थेंब फॉर्मालिनमध्ये टाकून पाहत असे. लालसर जांभळा रंग तत्काळ आला तरच ते वापरायचे, उशिरा निळसर छटा आली तर फेकायचे. प्लीहेतील सायनसच्या (रुंद रक्तवाहिन्यांच्या) अस्तराच्या लांबट पेशी बुरडाच्या टोपलीतल्या उभ्या कामट्यांसारख्या असतात. त्यांना बाहेरून वेढणारे कडीसारखे तंतू पीएएसने ठसठशीत दिसले, पण पेशींची रक्ताकडची कड फिकटच राहिली.

त्या कडेसाठी लेक्टिन, म्हणजे ठरावीक शर्करांना चिकटणारी प्रथिने, वापरली. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन आणि सायलिक आम्ल या शर्करांना चिकटते, तर शेंगदाण्यातील लेक्टिन गॅलॅक्टोज असलेल्या शर्करांच्या एका विशिष्ट जोडीला. जिथे ते चिकटते तिथे पेरॉक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तपकिरी रंग उमटतो. मात्र प्लीहा लाल पेशींनी गच्च भरलेली असते आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिनही तोच रंग उमटवू शकते, म्हणून ती क्षमता दाबण्यासाठी काप आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवणे अनिवार्य आहे. माझ्या मते या कामाचा खरा कस रंग चढवण्यात नसून नियंत्रण-कापांत, म्हणजे रंग खरोखर शर्करेचाच आहे का हे तपासणाऱ्या कापांत, लागतो. लेक्टिनमध्ये आधीच एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन मिसळल्यावर गव्हाच्या लेक्टिनची कडेवरची बारीक तपकिरी रेघ बहुतांशी पुसली गेली, तेव्हाच मी ती शर्करेची म्हणून नोंदवली. शेंगदाण्याचे लेक्टिन लाल पेशींना सहसा चिकटत नाही, कारण ती जोडी सायलिक आम्लाखाली झाकलेली असते. सायलिडेज विकराने ते आम्ल काढलेल्या शेजारच्या कापात त्याच पेशी तपकिरी झाल्या, म्हणजे लेक्टिन नीट काम करत होते, आणि त्यानंतरच मी अस्तराची निरीक्षणे लिहायला घेतली.