सव्वीस पॉइंट आठ

सायकलच्या दुकानात जाऊन ‘सीटचा पाईप द्या’ म्हटलं की आपल्याकडे एकच उलट प्रश्न येतो, ‘लांब देऊ का आखूड?’ जाडी कुणी विचारत नाही. हिरो असो, ॲटलस असो, साध्या काळ्या सायकलीला एक इंची पाईप लागतो हे दुकानदारालाही ठाऊक आणि गिऱ्हाइकालाही. ज्या इंग्लिश रॅले सायकलींच्या वळणावर आपल्या काळ्या सायकली गेल्या, त्यांचाही सीटचा पाईप एक इंचाचाच, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा. विषय संपला.

जुनी इंग्लिश, इटालियन किंवा फ्रेंच रेसिंग फ्रेम घरात आली की हा संपलेला विषय नव्याने सुरू होतो. २५.४, २५.८, २६.०, २६.२, २६.४, २६.६, २६.८, २७.०, २७.२. बहुतेक दोन-दोन दशांशांच्या पायऱ्या. त्यातली नेमकी एक आपली, आणि ती कोणती हे फ्रेमवर कुठेही लिहिलेलं नसतं. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवावेत एवढी जाडी. एवढ्यासाठी माणूस गावभर फिरतो. मी फिरले.

माझा आतेभाऊ बर्मिंगहॅमला असतो. मागच्या खेपेला त्याने जुन्या चादरींत गुंडाळून एक हिरवी फ्रेम आणली. सत्तरच्या दशकातली, बनवणाऱ्याचं नाव पार पुसलेलं, सीट नाही, सीटचा पाईप नाही. आत्याने ते खोकं उघडल्यावर कपाळाला हात लावला. “अरे, चॉकलेटं आणायची सोडून हे भंगार कसलं वाहून आणलंस?” पण उभ्या नळीवर अर्ध्या फाटलेल्या स्टिकरचा तुकडा होता आणि त्यावर ‘रेनॉल्ड्स ५३१’ एवढं स्पष्ट वाचता येत होतं. मग भंगार म्हणायची सोय राहिली नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेलं हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद. टूर द फ्रान्स जिंकलेल्या कित्येक सायकली याच नळ्यांच्या.

५३१ म्हटल्यावर जाणकारांनी एका सुरात सांगितलं, सत्तावीस पॉइंट दोन. डोळे झाकून घे.

हा आकडा येतो कुठून, ते कळलं तेव्हा मला या सगळ्यात खरी गोडी वाटायला लागली. जुन्या इंग्लिश आणि इटालियन फ्रेमच्या उभ्या नळीचा बाहेरचा व्यास ठरलेला असतो, २८.६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पेठेतल्या भाषेत एक इंच एक सूत. फ्रेम शंभर रुपयांची असो की लाखाची, बाहेरून माप तेच. फरक असतो तो नळीच्या भिंतीत. भिंत ०.६ची असली तर दोन्ही बाजूंचे मिळून १.२ गेले, आत राहिले २७.४. त्यात पाईप सरकायला दोन दशांश जागा सोडा, झाले २७.२. भिंत ०.८ची असली तर २६.८. एक मिलिमीटरची असली तर २६.४. आणखी जाड, आणखी साधी नळी घेतली की उतरत उतरत आपण एक इंचावर येतो. म्हणजे सीटचा पाईप जितका जाड, तितकी नळी पातळ आणि फ्रेम उंची. रंग, स्टिकर, झळाळी, काहीही मागाहून चढवता येतं. पण नळी आतून किती कोरलेली आहे हे त्या तोंडाशी बोट घालून बघणाऱ्यालाच कळतं. जुनी फ्रेम विकत घेताना लोक क्रमांक शोधतात, डाग शोधतात. मी आता आधी सीट काढायला सांगते.

तर २७.२चा पाईप. शहरातल्या एका चकचकीत दुकानात तो लगेच मिळाला, कारण आजच्या सायकलींत २७.२, ३०.९ आणि ३१.६ ही तीनच मापं प्रामुख्याने चालतात. तिथल्या मुलाने फ्रेम स्टँडला लावली, पाईप टेकवला, तो नखभर आत गेला आणि अडकला. “रंग असेल मॅडम, थोडं ठोकलं की जाईल.” त्याने रबरी हातोडी उचलली आणि मी फ्रेम. पाईपचे पैसे मात्र देऊन बसले होते.

शेल्डन ब्राउन नावाचे मॅसॅच्युसेट्सचे एक सायकलपंडित होते, २००८ साली गेले. कोणत्या कंपनीच्या कोणत्या सायकलीला कोणत्या मापाचा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा पाईप, बसतो, याची लांबच लांब यादी त्यांनी करून ठेवली आहे. भक्तिभावाने वाचावी अशी. मात्र तीत एकाच सायकलीपुढे कधी कधी दोन-दोन मापं दिसतात, आणि माझ्या फ्रेमला तर आडनावच नव्हतं.

पेठेतल्या मामांकडे गेले. मामांचं दुकान म्हणजे एक हवेचा पंप, एक पाण्याचं घमेलं आणि भिंतीला लटकवलेली दोन डझन चाकं. त्यांनी फ्रेमच्या तोंडात करंगळी घातली, फिरवली. “ताई, ही आपली नाही. पण एक इंची टाकू. पॅकिंग देतो.”

“पॅकिंग कसलं?”

“कोल्ड्रिंकच्या डब्याचं. कापून गुंडाळायचं.”

हसू नका. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याचा एक वेढा दिला की पाईपची जाडी बरोबर दोन दशांशांनी वाढते, म्हणजे नेमकी एक पायरी. कुणीही न ठरवता जगभरच्या सायकलवाल्यांना हा फुकटचा प्रमाणित पत्रा मिळालेला आहे. एका पायरीची चूक असेल तर मीही मामांचा पत्रा आनंदाने घेतला असता. पण एक इंची पाईप या फ्रेमला बसवायचा तर सात वेढे लागले असते. एवढी मोठी फट बोल्ट आवळून बुजवली, तर तो बोल्ट ज्यांतून जातो ते वरचे दोन कान एकमेकांना चिकटतात, पाईप फक्त तोंडाशी धरला जातो आणि खाली नळीत डुगडुगत राहतो. कान एकदा वाकले की सरळ करताना तुटायची भीती. मामांना सगळं पटलं. “मग व्हर्निअर लावा,” ते म्हणाले, “आमच्याकडे सूतच चालतं.”

व्हर्निअरनेही भागत नाही. त्याचे आतले जबडे जेमतेम सेंटीमीटरभर आत जातात, आणि फ्रेमचं सगळ्यात भरवशाचं नसलेलं ठिकाण नेमकं तेच. तिथे मागे चीर असते, कुणीतरी कधीतरी बोल्ट कचकून आवळलेला असतो, भोक गोल राहिलेलंच नसतं. मी घरी मोजलं तेव्हा पुढून-मागे एक माप येत होतं आणि आडवं दुसरंच. यातलं खरं कोणतं मानायचं? चिरेखाली, चार बोटं आत जे माप येईल तेच. त्याला बोअर गेज हवं, भोकाचा व्यास खोल आतून मोजणारं.

पुण्यात राहायचा एक फायदा असा की बोअर गेज असलेला माणूस कुणाच्या ना कुणाच्या नात्यात निघतोच. माझ्या वहिनीचा भाऊ भोसरीला वर्कशॉप चालवतो, मोटारींचे सुटे भाग करतो. त्याने फ्रेम टेबलावर आडवी घेतली, आत दिवा मारून पाहिलं, आधी गंज नि जुनं ग्रीस पुसून काढलं. दोन दशांशांवरून माझी चाललेली वणवण ऐकून तो मनापासून हसला. “ताई, दोनशे मायक्रॉन म्हणजे आमच्याकडे दरवाजा आहे दरवाजा! मी दहा मायक्रॉनला माल परत घेतो.” मामांचं सूत तीन मिलिमीटरच्या वर, याचा मायक्रॉन मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माझी सायकल यांच्या मधल्या बेवारस प्रदेशात.

माप आलं सव्वीस पॉइंट नऊच्या जवळ. वरून खालपर्यंत एकसारखं, चीर सोडली तर गोलही. म्हणजे नळी दबलेली नव्हती, रंगही साचलेला नव्हता, आतून खरवडणारा रीमर फिरवायचा प्रश्न नव्हता. पाईप हवा होता २६.८चा.

मग माझं लक्ष पुन्हा त्या स्टिकरकडे गेलं. रेनॉल्ड्सच्या ५३१ नळ्या दोन प्रकारच्या यायच्या. एक बटेड, म्हणजे जोडापाशी जाड आणि पुढे पातळ होत जाणारी. हे तंत्र त्या घराण्याने १८९७ सालीच पेटंट केलं होतं. दुसरी साधी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जाडीची. पोलाद तेच, पण नळी थोडी जाड, किंमत कमी, आणि स्टिकरवरची शब्दरचना वेगळी. माझ्या स्टिकरचा नेमका तोच शब्द फाटून गेलेला. त्या जागी आम्ही सगळे आपापल्या मनाने ‘बटेड’ वाचत होतो. सव्वीस पॉइंट आठ म्हणजे बहुधा साधी. आतेभावाला फोनवर सांगितलं तर तो दोन क्षण गप्प झाला. त्याने बटेडचे पैसे मोजले होते. मला मात्र फ्रेम जरा जास्तच आवडायला लागली. शर्यतवाल्याची नसेल, रोज कामावर जाऊन रविवारी क्लबाबरोबर लांब फिरायला निघणाऱ्या कुणाची असेल. आणि पुण्याच्या खड्ड्यांत भिंत जाड असलेली बरी.

२६.८ पुण्यात मिळत नाही. तैवानच्या कॅलॉयसारखे कारखाने अशी अडनिडी मापं अजून काढतात, पण मागवायचा तर कुरिअर पाईपापेक्षा महाग. भोसरीकराने माझ्या हातातला २७.२चा पाईप घेतला, जाडी पाहिली. “भरपूर मटेरियल आहे. टर्निंग मारून देतो.” चार दशांश उतरवायचे, म्हणजे बाजूने दोनच. लेथवर ॲल्युमिनियमच्या केसासारख्या बारीक कुरळ्या तारा निघत गेल्या, काळा रंग गेला, खालून पांढरा लखलखीत पाईप आला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली: पाईप निदान किती आत हवा हे सांगणारी कोरलेली रेघ. ती आम्ही जुन्या खुणेवरून मोजून पुन्हा मारून घेतली. ती रेघ नसताना उंच माणसाच्या हाती सायकल देणं म्हणजे कान मोडून घेणं.

पाईप आत गेला तो हाताच्या दाबाने, हवेचा हलकासा फुस्स आवाज करत. ठोकावा लागला नाही आणि सोडल्यावर आपोआप खालीही घसरला नाही. बोल्ट बेताने आवळला तरी सीट जागची हलत नव्हती, आणि कानांमध्ये आधीइतकीच फट होती. आत ग्रीस भरपूर लावलं. स्टीलमध्ये ॲल्युमिनियम कोरडं बसवलं आणि दोन पावसाळे तसंच ठेवलं, तर पांढरी बुरशी धरून दोघं असे एकजीव होतात की पुढे कॉस्टिक सोडा ओतून ॲल्युमिनियम विरघळवावं लागतं.

मापं पाठ असलेली बाई म्हणून आता माझं नाव झालं आहे. नाशिकच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची जुनी प्यूजो माळ्यावर आहे. फ्रेंच म्हणजे सगळंच निराळं: नळी बाहेरूनच २८.० मिलिमीटर, हँडलचा स्टेम २२.२च्या ऐवजी २२.०, इंचाशी त्यांचं उभं वैर. मी तिला म्हटलं, आधी आतला पाईप बाहेर काढ, त्यावर माप कोरलेलं असेल. ती म्हणाली, तो सासऱ्यांच्या लग्नापासून हललेला नाही. कॉस्टिक सोडा कुठे मिळतो, ते मी मामांना विचारून ठेवलंय.