आज्जीचं स्थलांतर

"मी कुठं गेलो रे? बैलगाडीनं माहेरास्नं सासरी आलो, तेवढंच."

दुपारपासून आज्जीचं हे वाक्य डोक्यातून जात नाही.

जनगणनेचे जुने खंड चाळत होतो, पणजोबांचं नाव गावेल म्हणून. नाव नाहीच. छापील खंडांत फक्त बेरजा. घरोघरी भरलेले तक्ते 1948 च्या कायद्यानं गोपनीय.

गावला तो नकाशा. आज्जीचं माहेर चंदगड तालुक्यात, सासर खानापुरात. 1951 च्या जनगणनेत दोन्ही बेळगाव जिल्ह्यात, मुंबई राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड कोल्हापूरला जोडलं, खानापूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. म्हणजे 1961 ला प्रगणक दारात आला तेव्हा जन्मस्थानाच्या रकान्यात आज्जी परराज्यातली झाली. आमच्या साध्यासुध्या आज्जीची मोजणी परराज्यातनं आलेल्या स्थलांतरितांत!

तिला हे समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाऊबीजेला मात्र भाऊ दरवर्षी यायचा हं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

मला पुढं वाचवेना. खंड मिटून तिच्याजवळ बसलो, माहेरच्या गल्लीतली घरं एकेक करून लिहून घेतली. सतरा घरं झाली, उरलेली उद्या.

तुमच्या घरातल्या आज्जीला विचारलंय कधी?