बहेचं रामलिंग बेट: निघण्याआधी कोयनेचं पाणी बघा

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात बहे गावाजवळ कृष्णा दोन फाट्यांत वाहते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होते. मधला तुकडा म्हणजे रामलिंग बेट. वस्ती नाही, देवळं, झाडी आणि काळा कातळ. बेट एवढंसं, त्यामुळे बरेच जण दर्शन घेऊन लगेच माघारी फिरतात. आम्ही आधी कातळ बघितला, मग देव.

आपल्याकडचा हा दगड लाव्ह्याचा, बेसॉल्ट. नदी मऊ भाग कोरून नेते, टणक तेवढा पात्रात उरतो. त्याच्या आडोशाला पाण्याचा वेग मोडतो, गाळ बसतो, गाळावर झाडं धरतात. आता कथा ऐका. रामानं इथे शिवलिंग स्थापून पूजा मांडली आणि तेवढ्यात नदीला लोंढा आला. मारुतीनं बाहू पसरून पाणी थोपवलं, तशी कृष्णा दोन्ही अंगांनी वाहू लागली. भूगोलाचे मास्तर हेच खडकाचं नाव घेऊन सांगतील, एवढाच फरक.

इथला मारुती समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. समर्थ रामदास आले तेव्हा रामलिंग होतं, पण मारुती दिसेना. मग डोहात उतरून त्यांनी मूर्ती वर काढली, असं सांगतात. स्थापनेचं साल शके 1573, म्हणजे 1651 च्या आसपास. मारुती रामलिंगाच्या मागच्या अंगाला आहे. घाईत लिंगापुढूनच परत फिरू नका.

आता कामाचं. पुणे-बंगळूर महामार्गावरून पेठ नाक्याला वळून इस्लामपूर गाठायचं (नवं नाव ईश्वरपूर, पण रस्ता विचारताना जुनंच तोंडात येतं). तिथून बहे दहा-बारा किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर बरं. खाणंपिणं इस्लामपुरात उरकून घ्या आणि पाण्याची बाटली भरून ठेवा.

पावसाळ्यात या वाटेला जाऊ नका. बेटाला पाण्याचा वेढा पडतो, आणि त्यासाठी बह्यात पाऊस पडायलाच हवा असं नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. बहे त्याच्या खाली. वर धरणाचे दरवाजे उचलले की ते पाणी इथूनच जाणार, मग इथे लख्ख ऊन का असेना. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे 45. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात बातम्यांमधला कोयनेचा विसर्ग बघितल्याशिवाय निघू नये, आणि गावातल्या माणसानं ‘आज नको’ म्हटलं तर हुज्जत घालू नये.

दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात कातळ असा तापतो की अनवाणी चार पावलं टाकवत नाहीत. जायचंच असेल तर सकाळी लवकर. रामनवमी आणि हनुमान जयंतीला गर्दी असणारच. ज्यांना शांत बेट बघायचंय त्यांनी मधला वार धरावा. डोहात मात्र पोहायला उतरू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली खडकाच्या कपारी असतात, आणि खोली कुठे बदलते ते काठावरून कळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.

अकरा मारुती एका दमात करणारे इथे धावतपळत येतात. सात सातारा जिल्ह्यात, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात, सांगलीच्या वाट्याला बहे आणि शिराळा. मी म्हणेन, हे दोनच एका दिवसात करा. सकाळी बहे, जेवण इस्लामपुरात आणि उन्हं कलल्यावर शिराळा. फक्त नागपंचमीला शिराळ्याच्या रस्त्याला लागू नका. त्या दिवशी तिथे गाडी लावायला जागा मिळणं कठीण.