मॅक्बेथचा अर्धवट विश्वास

महाविद्यालयात असताना शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वर एक प्रश्न परीक्षेला हमखास येत असे: हा नायक नियतीचा बळी की महत्त्वाकांक्षेचा? ‘दोन्हींचा थोडाथोडा’ अशा आशयाचे चार पानी उत्तर लिहून मी त्या वेळी बरे गुण मिळवले होते आणि आता त्या उत्तराची थोडी लाज वाटते. गेल्या पावसाळ्यात नाटक पुन्हा वाचायला घेतले तेव्हा हातात पेन्सिल ठेवली आणि एकच काम केले. जिथे जिथे भाकिताचा विषय निघतो तिथे समासात खूण करायची आणि त्या क्षणी मॅक्बेथचा त्या भाकितावर कितपत विश्वास आहे, हे शेजारी लिहायचे. पाच अंक संपता संपता माझ्या लक्षात आले की भाकितावर विश्वास ठेवल्यामुळे हा माणूस बुडाला, हे मी इतकी वर्षे धरून चाललेले विधान संहितेत टिकत नाही. शेवटच्या प्रवेशापर्यंत त्याने एकाही भाकितावर पुरता विश्वास टाकलेला नाही.

पहिल्या अंकातील माळरानावरचा प्रवेश घ्या. चेटकिणी त्याला तीन नावांनी हाक मारतात: ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार आणि पुढे होणारा राजा. यातील ग्लॅमिसची सरदारकी त्याला वडिलांमागे मिळालेलीच आहे. कॉडरचा किताब स्कॉटलंडचा राजा डंकन याने आधीच्याच प्रवेशात त्याला देऊन टाकला आहे. ते प्रेक्षकांना ठाऊक आहे, फक्त त्याच्यापर्यंत निरोप पोहोचलेला नाही. म्हणजे तीन हाकांपैकी एक जुनी माहिती, एक ताजी बातमी आणि भविष्य असे एकच. त्या भविष्यातही ‘कर’ असे कोणी सांगत नाही. डंकनचे नाव नाही, खंजिराचा उल्लेख नाही. तरीही मॅक्बेथ दचकतो, आणि शेजारी उभा असलेला सोबतीचा सरदार बँक्वो त्याला विचारतो की इतके गोड ऐकून तू असा का दचकलास. शेक्सपिअरने इथे जे साधले आहे, ते मला पुढच्या सगळ्या रक्तपातापेक्षा अधिक भयंकर वाटते, कारण शुभवार्तेने दचकणाऱ्याच्या मनात ती वार्ता आधीपासून दुसऱ्याच रूपात बसलेली असली पाहिजे.

त्याच प्रवेशात तो स्वतःशी म्हणतो की नशिबाला मला राजा करायचेच असेल, तर नशीबच माझ्या डोक्यावर मुकुट ठेवील, मी हातपाय कशाला हलवू? हे खऱ्या श्रद्धावंताचे बोलणे आहे आणि ते जेमतेम एक प्रवेश टिकते. डंकन आपल्या थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो आणि मॅक्बेथला ती वाटेत आलेली पायरी दिसते, जिच्यावर अडखळून पडायचे किंवा जी ओलांडून जायचे. कॉडरची गोष्ट घरबसल्या खरी झाली, तशी ही तिसरीही होईल, एवढा धीर त्याला धरवत नाही.

याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट सातव्या प्रवेशात आहे. डंकन पाहुणा म्हणून घरात जेवतो आहे आणि मॅक्बेथ पंगतीतून उठून बाहेर आला आहे. मी त्याचा आप्त, त्याचा प्रजाजन, वर त्याचा यजमान, अशी कारणे तो मोजतो आणि शेवटी कबूल करतो की या घोड्याला टाच मारायला माझ्यापाशी महत्त्वाकांक्षेखेरीज काहीच नाही, आणि तीही अशी की झेप घेताना पलीकडच्या बाजूला पडावी. मग त्याची बायको, लेडी मॅक्बेथ, येते. ती त्याच्या मर्दपणाला डिवचते, दिलेल्या शब्दाची आठवण देते, अंगावर पिणाऱ्या मुलाची ती अंगावर काटा आणणारी गोष्ट सांगते. या सबंध प्रवेशात चेटकिणींचे नाव ना तो काढतो ना ती. खुनाचा निर्णय जिथे प्रत्यक्षात होतो, तिथे समासात लिहायला माझ्यापाशी काही उरले नाही.

इतिहासातला मॅक्बेथ इतका गुंतागुंतीचा नव्हता, असे दिसते. त्याने १०४० साली डंकनला मारले ते लढाईत, झोपलेल्या पाहुण्याच्या शय्यागृहात नव्हे, आणि पुढे सतरा वर्षे राज्य केले. शेक्सपिअरचा मुख्य आधार असलेल्या हॉलिन्शेडच्या बखरीत तर बँक्वो या कटात सामील आहे. नाटकात तो निष्कलंक झाला, याचे एक कारण सरळ आहे: १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँक्वोचा वंशज म्हणवत असे, आणि हे नाटक १६०६ च्या सुमाराचे आहे.

या बँक्वोपाशीच मॅक्बेथची लबाडी उघडी पडते. तू राजा होणार नाहीस, पण राजांचा पूर्वज होशील, असे त्याला त्याच चेटकिणींनी, त्याच जागी, त्याच दमात सांगितलेले असते. डंकनला मारून राजा झाल्यावर, म्हणजे स्वतःचा वाटा खरा ठरल्यावर, मॅक्बेथला हा दुसरा वाटा नको असतो. आपल्या डोक्यावर फळ न धरणारा मुकुट ठेवला, असे तो चिडून म्हणतो आणि नियतीला आखाड्यात उतरण्याचे आव्हान देतो. (वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली या नाटकाला मराठीत आणताना त्याचे नाव ‘राजमुकुट’ ठेवले, ते मला या जागी फार समर्पक वाटते.) मारेकऱ्यांच्या हातून बँक्वो मरतो, त्याचा मुलगा फ्लीन्स अंधारात निसटतो. भाकिताचा अर्धा भाग पदरात पाडून घ्यायचा आणि उरलेला अर्धा तलवारीने खोडायचा, हा व्यवहार इथून पुढे थांबत नाही.

चौथ्या अंकात तो आपण होऊन चेटकिणींकडे जातो आणि तिथे त्याला तीन वाक्ये ऐकायला मिळतात. मॅकडफपासून सावध राहा. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला इजा करणार नाही. बर्नमचे रान तुझ्या गढीपाशी, डन्सिनेनच्या टेकडीवर, चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही. यातील दुसरे वाक्य ऐकताच तो म्हणतो, मग मॅकडफ, जग तू, मला तुझी कसली भीती? त्याच्या पुढच्याच ओळीत तो म्हणतो, तरीही खात्रीची दुप्पट खात्री करून घेतो, तू जगणार नाहीस. पेन्सिल इथे माझ्या हातून दोनदा फिरली. अभय मिळाल्यावर एका ओळीत जो माणूस त्यावर कुलूप घालायला निघतो, त्याला अभय मिळून उपयोग काय? मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचे कळते, तेव्हा तो त्याच्या गढीवर माणसे पाठवून बायको आणि मुले कापून काढतो, ज्यांच्याविषयी कोणत्याही भाकितात चकार शब्द नव्हता. तोवर मॅकडफ राज्यासाठी लढणारा एक सरदार होता. या बातमीनंतर तो देवाकडे एवढेच मागतो की त्या सैतानाला माझ्या तलवारीच्या टप्प्यात आणून उभे कर.

आपल्याकडच्या वाचकाला इथे हिरण्यकशिपू आठवणारच, मलाही आठवला. पण त्याने तप करून वर मागितला होता आणि ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, अशा अटी वकिलाच्या काटेकोरपणे स्वतः घातल्या होत्या. मॅक्बेथच्या अटी दुसऱ्याने लिहिल्या आणि त्याने त्या न वाचता सही केली.

रान चालून येण्याची युक्ती तर अगदीच व्यवहारी आहे. आपले सैन्य किती आहे हे शत्रूच्या हेरांना कळू नये म्हणून मॅक्बेथवर चाल करून आलेला माल्कम प्रत्येक शिपायाला एकेक फांदी तोडून पुढे धरायला सांगतो. त्याला भाकिताचा पत्ताही नाही. पहाऱ्यावरचा निरोप्या चाचरत येऊन सांगतो की मी बर्नमकडे पाहत होतो आणि रान हलायला लागल्यासारखे वाटले. मॅक्बेथ म्हणतो, हे खोटे निघाले तर तुला जवळच्या झाडाला जिवंत टांगीन आणि खरे असेल तर तू मला टांगलेस तरी माझी हरकत नाही.

मग मॅकडफ समोर येतो आणि आपण आईच्या पोटातून वेळेआधी फाडून काढलेलो असल्याचे सांगतो. मॅक्बेथ आधी लढायचे नाकारतो. शरण ये, तुझे चित्र खांबाला टांगून लोकांना दाखवू, असे मॅकडफ म्हणतो तेव्हा तो उत्तर देतो की रान डन्सिनेनला आले आहे, तू स्त्रीच्या पोटी जन्मलेला नाहीस, हे सगळे मान्य, तरी शेवटचे करून पाहतो. या ओळीशेजारी मी ‘पूर्ण’ असे लिहिले. सबंध पुस्तकात तो शब्द एकदाच आला आहे. भाकीत आपल्या विरुद्ध उभे आहे हे जाणून तो ढाल पुढे धरतो आणि मॅकडफला म्हणतो, कर वार.