रक्त कमी होतंय, पण जातंय कुठे?

गेल्या वर्षी भातलावणी आटोपली आणि मला दम लागायला लागला. घराकडची घाटी चढताना मध्येच बसावं लागे. वाडीतल्या आशाताईने पापणी खाली ओढून पाहिली आणि थेट आरोग्य केंद्रात धाडलं. हिमोग्लोबिन ७.२. बाईमाणसाचं एवढं उतरलं तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पुरुषाचं उतरलं की मात्र जो तो विचारतो, मूळव्याध आहे का? दारू घेता का? मला दोन्ही नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना रक्ताच्या कागदावर इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसल्या. या पांढऱ्या पेशी, पोटात जंत असले की बऱ्याचदा वाढतात. म्हणाले, "काका, चिखलात पायात काय घालता?" लावणीत कोण काय घालतं! गमबूट घातले तर पाय वर येतो आणि बूट चिखलातच राहतो. दर पावसात पायांना खाज येते, तिला सगळे चिखल्याच म्हणतात.

मग शौचाची तपासणी. नमुना ताजाच हवा, आणि डबी घेऊन एसटीत कोण बसणार? शेवटी दवाखान्याच्या आवारातच चहा पीत वाट पाहिली. आकडेकृमी या जंताची अंडी सापडली. उघड्यावरच्या विष्ठेतली ही अंडी ओलसर मातीत फुटतात. अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशाशी येऊन गिळल्या जातात. मग लहान आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं रक्त पितात.

जंतांवर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, तीन दिवस. संपलं. जीव काढला तो लोहाच्या गोळ्यांनी. शौच काळं, पोट जड, तोंडाला लोखंडाची चव, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद! हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही तीन महिने त्या चालूच, अंगातला साठा भरायला.

नातवाला जंतनाशक दिनी शाळेत गोळी मिळते. ती १ ते १९ वयाच्यांना. दिवसभर चिखलात उभा राहणारा पन्नाशीचा गडी त्यात बसत नाही, हे मला काही पटत नाही. संडास घरोघरी झाले, पण शेतावर अजून बांधाआडच जातात. यंदा लावणीला आलेल्या माणसांसाठी घरचा संडास मोकळा ठेवला होता. दोघं-तिघं आले, बाकीच्यांना लांब पडतं. म्हणून पाऊस सरला की मी पुन्हा तपासणी करून घेणार आहे.