द्राक्षांच्या शेडमधून नागपूरला गेलेला संगणक

नागपूरला बदली झाल्यावर मला भांड्याकुंड्यांची नव्हे, डेस्कटॉपची काळजी होती. सांगलीत एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत चौकशी करत असताना माझ्यासमोरच ‘नाजूक’ अशी लाल चिठ्ठी लावलेले खोके ट्रकच्या फाळक्यावरून खाली सोडून देण्यात आले. मला मनस्वी संताप आला. चिठ्ठीवर विसंबायचे नाही आणि खोके पडणारच असे धरून बांधणी करायची, हे मी तिथेच ठरवले.

तासगावजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. संगणक खोक्यात घालून मी तिथे गेलो. हंगाम ऐन भरात होता आणि शेडमध्ये बायका पेट्या भरत होत्या. तळाला बबलची शीट, त्यावर पाऊचमधले घड, वर घड कुजू नयेत म्हणून घालतात तो ग्रेपगार्डचा कागद, आणि हे सारे इतक्या बेताने की घड दाबलाही जात नव्हता आणि हलतही नव्हता. मामांनी माझे खोके उघडून कॅबिनेटच्या बाजूने आत हात घातला. “हात फिरतोय म्हंजे माल बी फिरणार,” ते म्हणाले. “पेटी हलीव, आवाज आला तर परत उघड.” एवढ्या कामाच्या गर्दीत ते माझ्याबरोबर जमिनीवर बसले, हा जिव्हाळा मी विसरणार नाही.

मामांचे म्हणणे संगणकाच्या आतल्या भागांनाही तंतोतंत लागू पडते. ग्राफिक्स कार्ड मागच्या बाजूला स्क्रूने आवळलेले असले, तरी त्याचे उरलेले वजन मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) स्लॉटवर, म्हणजे ते जिथे खोचतात त्या खाचेवर, लोंबकळत असते आणि एका जोरदार आदळीने स्लॉट उखडू शकतो. प्रोसेसरवरचा उंच, जड कूलरही मदरबोर्डला असाच ओढत राहतो. म्हणून तारांच्या जोडण्यांचे फोटो काढून मी दोन्ही भाग सोडवले. कार्ड स्थिर विद्युतभारापासून वाचवणाऱ्या (अँटिस्टॅटिक) पिशवीत घालून वर बबल गुंडाळला आणि काचेचे झाकण वेगळे बांधले. थर्माकोलचे सुटे मणी मी कटाक्षाने टाळले, कारण घर्षणाने त्यांच्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि ते पंख्यांत शिरतात. कॅबिनेट मोठ्या खोक्यात ठेवून चारी बाजूंनी चार बोटे जागा सोडली, आणि मामांच्या शेडमधल्या पुठ्ठ्यांच्या घड्यांनी ती गच्च भरली.

हार्ड डिस्क मात्र कोणाच्याही ट्रकमध्ये देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बंद असताना तिचे माहिती वाचणारे हेड बाजूला सुरक्षित उभे असते हे खरे. पण पडझडीची हमी कोण देणार? कार्ड पैसे देऊन पुन्हा मिळते, मुलांच्या लहानपणीचे फोटो मिळत नाहीत. त्यांची एक प्रत सांगलीत घरी ठेवली आणि मूळ डिस्क माझ्या खांद्यावरच्या पिशवीत घेतली.

महाराष्ट्र एक्सप्रेसचा प्रवास दौंड, मनमाड, भुसावळ करत कंटाळवाणा झाला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

नागपुरात खोके आले तेव्हा त्याचा एक कोपरा चेपलेला होता. उतरवणाऱ्याला घाई होती, तरी मी फोटो काढला आणि पावतीवर तसा शेरा लिहूनच सही केली. खोके हलवून पाहिले, आवाज आला नाही. तरीही वीज जोडण्याआधी झाकण काढून सारे तपासले, रॅम पुन्हा दाबून बसवली, प्रोसेसरवरची, उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि मगच कूलर आवळला. कार्ड, डिस्क आणि तारा फोटो पाहून जोडल्यावर संगणक सुरळीत सुरू झाला.