हायड्रो, अण्णा आणि ग्राफीन

आमचे घरचे पावरलूम, माल टेरी टॉवेलचा. एम.एस्सी. करणारा भाचा एकदा म्हणाला, "मामा, सुती कापडाला ग्राफीन लावलं की त्यातून वीज वाहते. स्टॅटिक न साचणारे एप्रन काढू." मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव यांनी 2004 मध्ये चिकटपट्टीनं ग्रॅफाइट सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजेच ग्राफीन, काढला, 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हेही त्यानंच सांगितलं. चिकटपट्टीनं होतं म्हटल्यावर मला चेव आला.

आधी ऑनलाइन पावडर मागवली. पाण्यात टाकली तर नुसते गोळे. भाच्यानं रामन चाचणी (लेसरच्या उजेडानं पदार्थ ओळखायची) करून आणली, निघालं बारीक दळलेलं ग्रॅफाइट. पैसे बुडाले. 2018 मध्ये 60 कंपन्यांचे नमुने तपासले गेले होते आणि बहुतेकांत ग्राफीन 10 टक्क्यांच्याही आत होतं, हे मला नंतर कळलं.

मग ग्राफीन ऑक्साइड आणलं. त्यावर ऑक्सिजनचे गट असतात, म्हणून ते पाण्यात छान मिसळतं आणि सुताला धरतं. पण वीज वाहत नाही. तो ऑक्सिजन काढायला भाच्यानं जे रसायन सांगितलं, ते ऐकून आमच्या डाईंगचे अण्णा हसले. "अरे, हे आपलं हायड्रोच की!" व्हॅट रंग पाण्यात विरघळवायला रोज वापरतो तेच सोडियम हायड्रोसल्फाइट. रुमालाएवढा तपकिरी तुकडा टाकीत बुडवला, डोळ्यांदेखत काळा झाला. मल्टिमीटर लावला तर विजेचा रोध किलोओहमवर उतरलेला, म्हणजे वीज वाहू लागली होती. त्या रात्री मला झोप नाही.

पुढं वीस मीटरचा तागा घेतला आणि सगळं बिघडलं. सुरुवात काळी, शेवट तपकिरी, मधे डाग. भाचा कागद काढून बसला. अण्णांनी टाकीत डोकावून सांगितलं, हायड्रो मेला. उघड्या टाकीत हवा लागून त्याचा जोर जातो, त्यात एप्रिलची सोलापुरी दुपार. थोडा थोडा हायड्रो घालत राहिले, तागा एकसारखा उतरला.

आता अडलंय धुण्यावर. दहा धुण्यांत रोध पुन्हा चढतो, गिऱ्हाइकाला पन्नास हवीत. बाइंडर, म्हणजे चिकटवणारा पदार्थ, वाढवला तर थर टिकतो, पण बाइंडरच वीज अडवतो. अण्णा रोज विचारतात, टाकी कधी मोकळी करताय, टॉवेलचा लॉट पडलाय.